निमिष बंगलोरला असतो

नेपरव्हिल,
२ फेब्रुवारी २०२५

चि. हेमचंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

या अमेरिकेत मुलं वाढवलेल्या आपणा सगळ्या मराठी माणसांचं एक सामायिक गाऱ्हाणं आहे. मुलं आपल्याला काही सांगत नाहीत. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत असो की कुणाच्या वाढदिवसाला, दोन आया भेटल्या की हेच सुरू होतं. दार लावून बसतो, विचारलं की फाइन म्हणतो, पुढे अक्षर नाही. लहान मुलांची डॉक्टर म्हणून मी हे गाऱ्हाणं निवृत्त होईपर्यंत ऐकलं आणि अजून ऐकते आहे. आणि आज तुझी अनया आपल्या पायांनी तुझ्याकडे येऊन काही सांगते, तर तू काय करतोस? फोन आपटतोस.

तिनं काय मागितलं? तिच्या युनिव्हर्सिटीत एक कोर्स आहे. दर गुरुवारी विद्यार्थी काउंटी जेलमध्ये जातात, तिथल्या कैद्यांबरोबर एका वर्तुळात बसतात आणि एकच पुस्तक दोघं मिळून वाचतात. तू म्हणालास की हे खूळ मीच तिच्या डोक्यात भरलं. हो, मीच भरलं. मी इथल्या जेलमध्ये जाते, आमच्या मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या, अठरा पूर्ण झालेल्या मुलांना बरोबर नेते. जाताना ती जनावरं बघायला निघाल्यासारखी खिदळत असतात. परतताना गाडीत कोणी बोलत नाही. कारण समोर त्यांच्याच वयाचा पोरगा बसलेला असतो, तेच गेम खेळलेला, तीच गाणी ऐकणारा, आणि त्याच्यात नि आपल्यात एका संध्याकाळचं अंतर आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं. हे मी शिकवू शकत नाही. तू तर नाहीच नाही.

तुझ्या दिवाणखान्यात आपल्या अप्पांचा फोटो आहे आणि खाली ताम्रपट. बेचाळीस साली येरवड्याला गेले त्याचा. पाहुणा आला की तू आधी तो दाखवतोस. तुरुंगात लिहिलेली पुस्तकं आपल्या कपाटात आहेत, त्यांचे उतारे आपण शाळेत घोकले. म्हणजे तुरुंगाचं आपल्याला वावडं नाही, आज तिथं बसलेल्या माणसाचं आहे. अप्पाच सांगायचे, भेटीच्या दिवशी राजबंद्यांसाठी गाव लोटायचा, हार यायचे, आणि त्यांच्या बराकीत पाणी भरणारा साधा कैदी दाराकडे पाठ करून बसायचा. त्याला भेटायला कधी कोणी यायचंच नाही. म्हातारपणी अप्पांना हार आठवत नव्हते, ती पाठ आठवायची.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला ओरडायला लागतो आणि मग तू सिग्नल गेला म्हणतोस. म्हणून हे कागदावर. इथे बर्फ कमरेपर्यंत आहे. गराजपासून रस्त्यापर्यंत वाट काढताना तुझी आठवण येते, कारण लहानपणी असली कामं तू माझ्यावर ढकलून पळायचास. राधिकेला आशीर्वाद. लोभ तर आहेच, तूर्त राग थोडा कमी केलास तरी पुरे.

तुझी,
नीलांबरीताई



पिस्कॅटवे,
११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र, म्हणजे भाषण, पोचलं. राधिकेनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि टाळ्यांच्या जागा बरोबर ओळखल्या.

अप्पा देशासाठी गेले होते, ताई. हे लोक दारू पिऊन गाड्या घालणारे, दुकानं फोडणारे. दोघांना एका परिच्छेदात बसवायचं कसब तुझंच. तिकडच्या महाराष्ट्र मंडळानं तुझ्या हातातला माईक काढून घेतला तो उगीच नाही. मला साधी काळजी आहे. पोरगी एकोणीस वर्षांची. उद्या मेडिकल स्कूलच्या मुलाखतीत विचारतील. परवा कोणी विचारेल, अनया सध्या काय करते? मी काय सांगू, जेलमध्ये असते?

आपल्यात चांगली उदाहरणं नाहीत का? रवींद्र आणि कांचनचा निमिषच घे. ते इकडे न्यू जर्सीला येण्याआधी तुझ्याच दवाखान्यात त्यानं पहिल्या लशी घेतल्या होत्या. कंपनीनं बंगलोरला पाठवला आहे त्याला. गेल्या गणपतीलाही नव्हता, ढोलपथक अगदी पोरकं वाटलं. दिवाळीला राधिकेनं त्याच्यासाठी कांचनकडे चकल्या नि अनारसे दिले, कोणी जाणारं असेल तर पाठव म्हणून. आणि दर रविवारी संध्याकाळी न चुकता आईला फोन. एकदा मी तिथंच होतो. कांचन त्याला विचारत होती, जेवलास का, तिकडे पहाट असेल ना, पाऊस आहे का. आईच्या सोयीसाठी पहाटे उठतो पोरगा. मुलं काही सांगत नाहीत म्हणतेस, अशीही असतात.

राहता राहिली अनया. तिनं नाव नोंदवून टाकलं आहे. बाबा, या वयात तुमच्या परवानगीची गरज नसते, असं तिनं मला अतिशय नम्रपणे सांगितलं. हा नम्रपणा तुझ्याकडून आला. तेव्हा माझा विरोध आहे एवढं ध्यानात असू दे. लोभ कमी होणार नाही, भाषणं झाली तर बरं.

तुझा,
हेमू



पिस्कॅटवे,
१० मार्च २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे पूर्ण जमिनीवर, आय नो, तूच झूमवर शिकवलंस.)

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, मला कळत नाहीये.

आधी चांगलं सांगते. पहिल्या गुरुवारी आम्हाला वर्तुळात बसवलं, एक खुर्ची बाहेरच्याची, एक आतल्याची. फक्त पहिली नावं. ओटिस म्हणून एक वयस्कर माणूस आहे, त्यानं सगळ्यांना एक प्रश्न टाकला. आज तुला पोलिसांनी पकडलं आणि एकच फोन करता येणार असला, तर कोणाला करशील? आम्ही कॉलेजवाले एकेक करून सांगत गेलो. आत्या, आमच्यातल्या एकानंही आई किंवा बाबा म्हटलं नाही. माझ्या वर्गातल्या सलोनीचं घर एडिसनला आहे, जेलपासून एकदम जवळ, ती पण रूममेट म्हणाली. मी पण. ओटिस म्हणाला की मग इथले गार्ड बरे, तुमच्या आया फारच डेंजरस दिसतायत. सगळे जाम हसलो. मग तो म्हणाला, त्यानं पण आईला फोन केला नव्हता, आणि आता करायला ती नाहीये. मग कोणी हसलं नाही.

आता दुसरं. तिसऱ्या गुरुवारी आतल्या एका माणसाच्या जागी नवा आला. दाढी, खूप बारीक. आत्या, तो निमिषदादा होता. आपला. ज्यानं मला कमरेला ढोल बांधायला शिकवलं तो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. ओळखीचं कोणी निघालं तर लगेच सांगायचं असा रूल आहे. मी सांगू की नको करत बसले, तेवढ्यात त्यानंच हात वर केला आणि प्रोफेसरला सांगितलं की मी हिला लहानपणापासून ओळखतो. त्यामुळे मी त्या ग्रुपमधून बाहेर. आता लायब्ररीत बसून पेपर लिहिते. रूल बरोबरच आहे, पण मी बाथरूममध्ये जाऊन खूप रडले.

मग त्यानं माझं नाव भेटीसाठी दिलं आणि शनिवारी मी एकटी गेले. मध्ये काच, हातात फोन. त्यानं सगळ्यात आधी हेक्टरचं नाव सांगितलं, मग काय झालं ते. गेल्या वर्षी दादाचा जॉब गेला. घरी सांगितलं नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा, काकू डबा द्यायच्या, आणि तो कुठल्या तरी पार्किंग लॉटमध्ये बसून राहायचा. तिथं प्यायला लागला. जूनमध्ये घरी परत येताना त्यानं हेक्टरला उडवलं. हेक्टर एका रेस्टॉरंटमध्ये काम करायचा, सायकलवरून घरी चालला होता. तो गेला. दादाला आधी घरी सोडलं होतं, पण तो परत प्यायला, म्हणून जजनं आत टाकलं. त्यानं गुन्हा कबूल केलाय. १६ मेला शिक्षा सांगणार.

कोर्टात दर वेळी हेक्टरची बहीण येते, तिच्याबरोबर त्यांचे सगळे लोक, शर्टला त्याचा फोटो लावून. अख्खा बाक भरतो. दादाच्या मागचा बाक रिकामा. रवींद्रकाकांनी वकील दिलाय, पण ते येत नाहीत. दादा म्हणाला, आत आणतात तेव्हा प्रत्येक जण आधी बाकांकडे बघतो, कोण आलंय ते. त्यानं आता बघणं सोडलंय.

आणि तो बंगलोरचा फोन जेलमधून येतो. घरी कोणी आलेलं असलं की काकू विचारतात, तिकडे पहाट असेल ना, आणि मग तो बंगलोरला असल्यासारखं बोलतो. बंगलोर त्यानं बघितलेलं पण नाहीये. एकदा काकूंनी पाऊस आहे का विचारलं तर हो म्हणाला, धो धो. जानेवारीत, आत्या! आणि तिथं बसलेल्या कोणालाच काही वाटलं नाही. हे सांगताना तो हसला.

त्यानं माझ्याकडून प्रॉमिस वगैरे घेतलं नाही. एवढंच म्हणाला की आईला मी किती बारीक झालोय ते सांगू नको.

मी काय करू?

तुझी,
अनया



नेपरव्हिल,
२० मार्च २०२५

सौ. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद.

निमिष कुठे आहे ते मला कळलं आहे. हेमूच्या अनयाला तो भेटला. त्या पोरीवर रागावू नकोस, तिनं लपून काही केलं नाही आणि माझ्याशिवाय कोणाला सांगितलंही नाही. आता बापाला सांग, असं मीच तिला कळवलं आहे. रागवायचंच तर माझ्यावर रागव, मला सवय आहे.

मी तुला दोष द्यायला लिहीत नाही, पण गोड बोलायलाही लिहीत नाही. ज्या पोरानं नोकरी गेल्याचं सांगायला घाबरून रोज खोटा डबा नेला, त्याला आपण तुरुंगातून पुन्हा तेच करायला लावतो आहोत. पूर्वी ऑफिसला जातो म्हणायचा, आता बंगलोरला आहे म्हणतो. बाहेर होता तेव्हा खरं सांगायची सोय नव्हती, आणि आत गेल्यावरही आपण ती दिली नाही. मी आपण म्हणते आहे, तू नव्हे. तुझ्यावर ही पाळी आणणारे आम्ही सगळे, जे जेवणाच्या ताटावर एकमेकांच्या मुलांचे पगार नि कॉलेजं विचारतो, आणि उत्तर आवडलं नाही की आवाज खाली आणतो.

आठवतं का, त्याला पहिली लस द्यायला घेऊन आलीस तेव्हा सुई बघून तूच खोलीबाहेर गेलीस. तो असा किंचाळला की रांगेतली इतर बाळंही रडायला लागली. पुढच्या वेळी मी तुला दारातून परत आणलं आणि त्याला दिसशील असं उभं केलं. दुखलं त्याला तेव्हाही. रडलाही. पण त्यानं तुझ्याकडे बघितलं आणि लवकर थांबला.

सोळा मेला कोर्टात त्याच्या मागचा बाक रिकामा राहता कामा नये. तुझं मन मला कळव. कडू असलं तरी चालेल.

तुझी,
नीलाताई



एडिसन,
२ एप्रिल २०२५

ती. नीलाताईंस,
सा. न.

तुमचं पत्र गाडीत बसून वाचलं. घरात वाचायची हिंमत झाली नाही.

तुम्ही कडू चालेल म्हणालात म्हणून लिहिते. तुम्हाला सगळ्यांच्या मुलांना हात लावता आला, ताई, पण संध्याकाळी ती आपापल्या घरी जायची. दारावर पोलीस आले तेव्हा दार मी उघडलं होतं. आदल्या दिवशी त्याच्या डब्यात मी भेंडीची भाजी दिली होती, तो डबा गाडीच्या मागच्या सीटवर सापडला, न उघडलेला. तुमच्या भाषणात याला जागा कुठे आहे?

बंगलोर मी शोधून काढलं नाही. गणपतीत कोणीतरी विचारलं, निमिष दिसत नाही? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, कंपनीनं बंगलोरला पाठवला. झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक अभिनंदन करायला लागले. मग डबे यायला लागले. तुमच्या राधिकेच्या चकल्या, कोणाच्या पुरणपोळ्या, कोणाचे लाडू, वर चिकटपट्टी लावून निमिष, बंगलोर असं लिहिलेलं. माझा फ्रीझर भरला आहे. टाकवत नाहीत आणि खाववत नाहीत. भाज्या आता ताज्याच आणाव्या लागतात.

त्याचा फोन आला की आधी एक यंत्र बोलतं, हा जेलमधून आलेला कॉल आहे म्हणून. घरात कोणी असलं तर मी तेवढं बाथरूममध्ये जाऊन ऐकते आणि मग बाहेर येते. तो म्हणतो, आई, कोण आलंय, आणि माझ्या आवाजावरूनच त्याला कळतं की आज बंगलोर आहे. खरं सांगू, तो इतकं छान नाटक करतो की मधूनच मलाही वाटतं, तिथंच आहे. काचेपलीकडचा चेहरा बघितला की ते संपेल. म्हणून मी भेटायलाही गेले नाही. तो बारीक झाला असेल ना?

यांना मी म्हटलं, सोळा तारखेला जाऊ या. हे म्हणाले, गेलो तर आपण त्याच्या बाजूचे आहोत असं दिसेल. मी विचारलं, मग आपण कोणाच्या बाजूचे आहोत? ते उठून गराजमध्ये गेले.

पण ताई, मला लोकांची भीती आता तेवढी वाटत नाही. मला त्या बाईची वाटते. हेक्टरच्या बहिणीची. तिच्यासमोर मी कुठल्या तोंडानं बसू? माझा मुलगा वाईट असला तरी रविवारी फोन करतो. तिच्या भावाचा फोन येत नाही. मी त्याच्या मागे जाऊन बसले तर तिला वाटणार नाही का, की या बाईला अजून मुलगा आहे आणि ती तो मिरवते आहे?

याला तुमच्याकडे उत्तर असलं तर लिहा, नसलं तर हे पत्र फाडून टाका. प्रेम होतं तसंच राहू द्या, एवढंच मागते.

तुमची,
कांचन



पिस्कॅटवे,
२७ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

अनयानं सांगितलं. आधी तुला सांगितलं आणि तुझ्या सांगण्यावरून मला, याचा राग आला होता. तो कसा गेला ते लिहितो.

तिनं निमिषचं सांगितल्यावर माझ्या तोंडून जे काही निघालं ते निघालं. मग तिनं त्या ओटिसच्या प्रश्नाचंही सांगितलं. मी विचारलं, तू कोणाचं नाव घेतलंस? म्हणाली, रूममेटचं. मला लागलं. मी म्हटलं, का गं, आम्ही मेलो होतो का? ती शांतपणे म्हणाली, बाबा, निमिषदादाचं कळल्यावर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतं? तो कसा आहे, हे नाही विचारलंत. कोणाकोणाला माहीत आहे, हे विचारलंत.

ताई, माझा राग तिथंच संपला.  

त्या अपघाताची बातमी इथल्या पेपरात आली होती, मी शोधली. नाव, गाव, सगळं होतं. आपल्यातल्या कोणी वाचलीच नाही. शेजारच्या गावात काय होतं ते आपण वाचत नाही, पुण्यात कुठला पूल बंद आहे ते मात्र मला रोज माहीत असतं. त्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोनदा जेवलो आहोत. हेक्टरनं आमची टेबलं पुसली असतील.

मग रवींद्रकडे गेलो. गराजमध्ये गवत कापायचं मशीन उघडून बसला होता. तासभर आम्ही त्याच्या ब्लेडबद्दल बोललो. निघताना मी म्हटलं, सोळा तारखेला आम्ही दोघं येतोय. त्यानं वर बघितलं नाही. म्हणाला, रागावून सांगतोयस की विचारतोयस? मी म्हटलं, सांगतोय. तो म्हणाला, बघू. हा बघू आपल्या मंडळातला नव्हता, खरा होता.

मी आणि राधिकेनं रजा टाकली आहे. निमिषच्या ढोलपथकातल्या अक्षतच्या आईवडिलांना रवींद्रच्या परवानगीनं सांगितलं, त्यांनीही बघतो म्हटलं आहे, पण तो मंडळातलाच बघतो.

आणि एक. परवा अनयाचा फोन आला, मी न विचारता. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत नापास होणार म्हणे. मी ओरडलो नाही. राधिका म्हणते माझा चेहरा ओरडला, पण फोनवर चेहरा दिसत नाही. मी विचारलं, जेवलीस का? मग ती बरंच बोलली.

कांचन अजून हो म्हणत नाही. राधिका तिच्याकडे दोनदा जाऊन आली. तूच लिही. या वेळी भाषण कर. आवर असं मी म्हणणार नाही.

तुझा,
हेमू

ता. क. टाळ्या वाजवू नकोस.



नेपरव्हिल,
६ मे २०२५

सौ. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी फाडलं नाही. इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. तू बरोबर लिहिलंस, न उघडलेल्या डब्याला माझ्या भाषणात जागा नव्हती. आता जे लिहिते ते मला त्या जेलच्या वर्तुळात बसून कळलेलं आहे, पुस्तकातून नाही.

आमच्या इथे मागे एक आई आली होती. तिचा मुलगा मारला गेला होता, आणि मारणारा आत होता. विद्यार्थ्यांसमोर बोलायला तिला बोलावलं होतं. एका मुलीनं तिला विचारलं, कोर्टात सगळ्यात कठीण काय होतं? मला वाटलं ती त्या पोराचा चेहरा म्हणेल. ती म्हणाली, माझा मुलगा कोण होता हे मी सांगत होते आणि समोरच्या बाजूला ऐकायला कोणीच नव्हतं. पोरगा मान खाली घालून उभा, वकील कागद चाळतोय, मागे रिकामे बाक. मला वाटलं, मी भिंतीला सांगते आहे. त्याच्या घरच्या एकानं तरी ते ऐकायला हवं होतं.

सगळ्यांना असंच वाटत असेल असं मी म्हणणार नाही. हेक्टरच्या बहिणीला तुझा तिरस्कार वाटेल, वाटू दे, तो तिचा हक्क आहे. पण तू तिच्यासमोर मुलगा मिरवायला बसणार नाहीस, कांचन. तू ऐकायला बसशील. तिच्याशी बोलू नकोस. क्षमा मागू नकोस, ते ओझंही तिच्यावर टाकू नकोस. जज काय ठरवतील ते ठरवू देत, शिक्षा कमी व्हावी म्हणून आपण जात नाही. तिचा भाऊ सकाळी किती वाजता उठायचा, काय खायचा, कोणाला पैसे पाठवायचा, कुठल्या गाण्यावर नाचायचा, ती सांगेल ते सगळं तू मान वर ठेवून ऐक. ते ऐकणारी त्याच्या घरातली पहिली तू असशील. त्या माणसासाठी आता एवढंच आपल्या हातात आहे. तिच्यासमोर बसायला तोंड नाही म्हणतेस, पण कानांनी ऐकता येतं.

आणि तुझ्या मुलासाठीही तेच. त्यानं केलं ते ऐकून आई उठून गेली नाही, हे त्याला बघू दे. इतकी वर्षं आपण मुलांना एकच गोष्ट नीट शिकवली, की चांगलं असेल तेव्हाच घरी ये. अनया आणि सलोनी जे त्या जेलमध्ये शिकल्या, ते मी साऱ्या वर्तुळांत शिकवत आले तरी मला त्यांच्याइतकं स्वच्छ बोलता येत नाही. अनयानं मला लिहिलं, आत्या, तिथली माणसं आमच्यापेक्षा वेगळी नाहीत, फक्त त्यांच्या घरचं बंगलोर आधी संपलं. दोघी येणार आहेत सोळा तारखेला. हेमू आणि राधिका येणार आहेत. रवींद्र त्याला हवं ते करेल. गराजमध्ये राहिला तर राहू दे, पण त्याची वाट बघत तू घरी थांबू नकोस.

मी पंधराला विमानानं येते. गुडघे दुखतात, तेव्हा मला हात धरून चढवायला कोणीतरी लागेल, ती तू. हो, तो बारीक झाला आहे, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. फ्रीझरमधल्या डब्यांचं नंतर बघू. रविवारी फोन आला आणि घरात कोणी असलं, तर त्या यंत्राचा आवाज बाथरूमच्या दारामागे ऐकायचा की सगळ्यांसमोर, ते तुझं तू ठरव, आज मी त्यावर बोलत नाही. आज मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे.

शुक्रवारी, १६ मेला, सकाळी साडेआठला कोर्टाच्या पायऱ्यांवर ये. आत गेल्यावर त्याच्या मागच्या पहिल्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला बस. त्याला आत आणतील तेव्हा तो बाकांकडे बघणार नाही, त्यानं ते सोडलं आहे. तेव्हा त्याला हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही. फक्त लस टोचताना दारातून परत येऊन उभी राहिली होतीस तशी, बघितलंच तर दिसशील अशी बस.

ये, कांचन.

तुझी,
नीलाताई